जुन्या स्पोर्ट्स कार : रूप, मोल आणि संसार

तरुणांच्या बैठकींत घटकाभर स्वस्थ बसून ऐकावें, म्हणजे त्या काळाच्या मनाचा ठाव पुष्कळसा लागतो. आमच्या तरुणपणीं, म्हणजे १९८० च्या सुमारास, राजदूत चांगली कीं येझदी चांगली, या वादावर रात्री सरत. आज त्याच ओट्यांवर जुन्या स्पोर्ट्स कारांची चर्चा चालते. कोणती गाडी कोणत्या सालची, तिला आतां काय पडतें, तिचें नाक अधिक रेखीव कीं तिच्या आधीच्या गाडीचें, मागचे दिवे कोणीं बिघडविले आणि कोणीं सुधारले, अशा प्रश्नांस अंत नाहीं. घरांतील वडील माणसें हें ऐकून हंसतात, किंवा रागावतात. आणि अंथरूण पाहून पाय पसरण्याची म्हण मुलांच्या कानांवर घालून आपलें कर्तव्य संपलें असें मानतात.

आम्हांस वाटतें, हंसणें आणि रागावणें हीं दोन्हीं उत्तरें अपुरीं आहेत. या चर्चेंत दोन फार जुने प्रश्न दडलेले आहेत. सुंदर कशास म्हणावें, हा पहिला. आणि वस्तूचें मोल कशानें ठरतें, हा दुसरा. यांस लागूनच तिसरा प्रश्न संसाराचा आहे: घरानें कोणत्या हौसेचा भार कितपत उचलावा? या तीन प्रश्नांचे तीन हिशेब वेगवेगळे मांडले, तर ही हौस समजतेहि आणि आवरतेहि. ते एकांत एक मिसळले, म्हणजे मात्र घरांत भांडण आणि बँकेंत कर्ज अशी दुहेरी आपत्ति ओढवते. तेव्हां वाचकांनीं आमच्याबरोबर हे तीन हिशेब क्रमानें पाहावे, अशी विनंति आहे.

ही हौस आमच्याकडे कोठून आली?

आमचें सोयगांव हें अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशीं, खानदेशाच्या बाजूस वसलेलें तालुक्याचें गांव. मुलूख कापसाचा. जळगांवचा बाजार जवळ; जिल्ह्याचें शहर मात्र घाट चढून दूर. एका अंगास वेताळवाडीचा किल्ला, दुसऱ्या अंगास फर्दापूर आणि तेथून पुढें अजिंठ्याचीं लेणीं. अशा ठिकाणीं स्पोर्ट्स कारचें नांव निघावें, याचें परक्यास नवल वाटेल. परंतु त्याचें कारण आमच्याच जिल्ह्यांत आहे. औरंगाबाद, ज्यास २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर असें नांव आहे, त्या शहराबाहेर शेंद्रा येथें २००१ सालापासून स्कोडा कंपनीच्या मोटारी जुळविण्याचें काम सुरू झालें. २००७ पासून तेथेंच ऑडीच्या मोटारीहि जुळूं लागल्या. ज्या गाड्यांचीं चित्रें पूर्वीं केवळ मासिकांत पाहावयाचीं, त्या आमच्याच भागांतील मुलांच्या हाताखालून बाहेर पडूं लागल्या. हातानें ज्याचा बोल्ट आवळला, त्याविषयीं माणसास प्रेम वाटूं लागावें यांत आश्चर्य कसलें?

स्कोडाच्या ऑक्टेव्हिया या गाडीची 'आरएस' नांवाची एक वेगवान जात आहे. २००४ सालीं ती हिंदुस्थानांत आली, तेव्हां टर्बो बसविलेलें पेट्रोल इंजिन असलेली ती येथील पहिली प्रवासी मोटार समजली गेली. टर्बो म्हणजे काय, हें ज्या भगिनींस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. इंजिनांतून बाहेर पडणारा गरम धूर फुकट जातो. त्याच्या जोरावर एक लहान चक्र फिरवावयाचें आणि त्या चक्रानें बाहेरची हवा दाबून पुन्हां इंजिनांत भरावयाची. हवा अधिक, म्हणजे जळण अधिक. आणि जळण अधिक, म्हणजे जोर अधिक. चुलीवर फुंकणीनें फुंकर घालतांना हीच युक्ति आपण पिढ्यान् पिढ्या केली आहे.

या गाडीचें दुसरें मर्म तरुण मंडळी स्पष्ट बोलत नाहींत, पण मनांत जाणतात. खरी स्पोर्ट्स कार दोन माणसांची असते. तींत तिसऱ्यास जागा नाहीं आणि चौथ्यास विचारहि नाहीं. आपल्या घरांत अशी गाडी आली, तर आई कोठें बसणार, आणि लग्नाला निघालेल्या मावशीचें गांठोडें कोठें राहणार? ऑक्टेव्हिया ही चार दारांची. पांच माणसें बसतील अशी. आणि २०१७ सालच्या तिच्या आवृत्तीची सामानाची पेटी ५९० लिटरांची होती. बाहेरून गृहस्थाश्रमी आणि आंतून घोडेस्वार, असें हें रूप मध्यम स्थितीच्या मराठी घरांस मानवलें, यांत नवल नाहीं. मुलगा वडिलांस सांगूं शकतो कीं, 'बाबा, ही तर घरचीच गाडी.' आणि त्यांत खोटें कांहींच नसतें. फक्त सर्व सांगितलेलें नसतें.

मोलाचा हिशेब

आतां किंमतीकडे वळूं. मोटार दुकानांतून बाहेर पडली कीं तिची किंमत उतरूं लागते, हें सर्वांस ठाऊक आहे. विमा कंपन्यांनीं तर या उताराचें कोष्टकच केलें आहे: गाडी सहा महिन्यांच्या आंत असतां शेंकडा ५ वजा, वर्षाच्या आंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पांच वर्षांपर्यंत ५०. पांच वर्षांच्या पुढें कोष्टक नाहीं. विमा देणारा आणि घेणारा यांनीं आपसांत ठरवावें. म्हणजे पांचव्या वर्षीं गाडी कागदोपत्रीं अर्धी होते.

हें कोष्टक आमच्या आरएसला लावून पाहूं. २०१७ च्या ऑगस्टांत तिची दिल्लींतील शोरूम-किंमत सुमारें २४ लाख ६२ हजार रुपये होती. कोष्टकानें पांच वर्षांत ती १२ लाख ३१ हजारांवर आली पाहिजे. पण बाजार कोष्टक वाचून चालत नाहीं. कारण मध्यंतरीं दोन गोष्टी घडल्या. २०२० सालीं हिच्या नंतरची अधिक जोरदार आवृत्ति परदेशांतून तयार होऊन आली. तिच्या फक्त २०० गाड्या होत्या आणि किंमत होती ३५ लाख ९९ हजार. पुढें २०२५ च्या ऑक्टोबरांत आणखी नवी आवृत्ति आली. गाड्या अवघ्या १००, किंमत ४९ लाख ९९ हजार, आणि नोंदणी उघडल्यावर त्या हां हां म्हणतां संपल्या. आठ वर्षांत नव्या गाडीचें मोल दुपटीवर गेलें आणि संख्या मूठभर राहिली. ज्यास नवी मिळाली नाहीं किंवा परवडली नाहीं, त्याचे डोळे अर्थातच जुनीकडे वळले. विकणाराहि हें जाणतो, आणि कोष्टकापेक्षां वर मागतो.

येथें किंमतीचा एक नियम हातीं लागतो. उपयोगासाठीं घेतलेल्या वस्तूची किंमत तिच्या उरलेल्या आयुष्यावर ठरते; अभिलाषेसाठीं घेतलेल्या वस्तूची किंमत ती इच्छिणाऱ्यांच्या संख्येवर ठरते. पहिली दर वर्षीं खालीं येते. दुसरी कांहीं काळ खालीं येते, मग थबकते, आणि फार थोड्या बाबतींत पुन्हां वर चढते.

याच शहरानें संख्येचें उलट उदाहरणहि दाखविलें आहे. २०१० च्या ऑक्टोबरांत औरंगाबादच्या व्यापारी-उद्योजक मंडळींनीं एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीझ गाड्या घेतल्या. रक्कम सुमारें ६५ कोटींची. स्टेट बँकेनें शेंकडा ७ दरानें कर्ज दिलें. आणि ती वार्ता देशभर गाजली. मागासलेला म्हणून हिणविल्या गेलेल्या मराठवाड्यानें आपली ऐपत दाखविली, एवढा त्याचा अर्थ खराच होता. परंतु जी वस्तु दीडशें जणांच्या दारीं एकाच दिवशीं उभी राहते, ती प्रतिष्ठेची असली तरी दुर्मिळ नव्हे. आणि जुन्या बाजारांत प्रतिष्ठेस फारसें मोल नाहीं, दुर्मिळतेस आहे.

वर चढणाऱ्या किंमतीचीं टोकाचीं उदाहरणें मुलें तोंडपाठ म्हणतात. इटलीच्या फेरारी कंपनीनें १९६२ ते १९६४ या काळांत २५० जीटीओ नांवाच्या अवघ्या ३६ गाड्या केल्या. त्यांतील एक २०१८ सालीं अमेरिकेंत लिलावांत ४ कोटी ८४ लाख डॉलरांस गेली. मर्सिडीझनें १९५५ सालीं केवळ दोन बांधलेल्या ३०० एसएलआर कूपेंपैकीं एक २०२२ च्या मे महिन्यांत १३ कोटी ५० लाख युरोंस विकली गेली. मास्तराच्या पेशास शोभेल अशी एक गोष्ट आम्ही येथें जोडतों: त्या विक्रीचा पैसा विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीच्या निधीसाठीं ठेवल्याचें कंपनीनें जाहीर केलें.

आपल्या मराठी राजघराण्यांतहि हा शोक होताच. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनीं १९३० च्या दशकांत अमेरिकेंतील ड्यूसेनबर्ग कंपनीकडून एसजे जातीची सांगाडा-इंजिनासह गाडी घेतली आणि तिचें शरीर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून घडवून घेतलें. केशरी आणि काळ्या रंगाची ती उघडी गाडी आज जगांतील सर्वांत सुंदर मोटारींत गणली जाते. पण या सर्व कथांतून तरुणांनीं एक चुकीचा निष्कर्ष काढूं नये. ३६ किंवा २ गाड्यांचा न्याय हजारोंनीं निघालेल्या गाडीस लागत नाहीं. 'आज घेतली तर उद्यां दुप्पट होईल' हें वाक्य विकणाऱ्याचें असतें. घेणाऱ्यानें तें स्वतःशीं म्हणूं लागावें, हा त्याच्या बुद्धीचा पराभव होय.

रूपाचा हिशेब

किंमतीवर एकमत होतें, पण रूपावर होत नाहीं. आमच्या एका माजी विद्यार्थ्यानें एकदां आम्हांसच पंच नेमलें. म्हणाला, 'गुरुजी, तुम्ही संस्कृत शिकविलें; आतां सांगा, सुंदर गाडी कशी ओळखावी?' प्रश्न थट्टेचा होता, पण उत्तर आम्हीं थट्टेनें दिलें नाहीं. वात्स्यायनावर टीका लिहिणाऱ्या यशोधरानें चित्राचीं सहा अंगें सांगितलीं आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. अजिंठ्याचीं चित्रें पाहतांना आम्ही विद्यार्थ्यांस हीं सहा अंगें समजावून देत असूं. तींच मोटारीस लावून पाहा, असें आम्हीं त्यास सांगितलें. आणि लावून पाहतां तीं विलक्षण नीट बसतात असें आढळलें.

रूपभेद म्हणजे ही वस्तु दुसरीहून वेगळी ओळखूं येणें. जर्मनीच्या पोर्शे ९११ ची मागची उतरती पाठ साठ वर्षांत बदलत बदलत तीच राहिली. अंधारांत नुसती रेषा दिसली तरी ती ओळखतां येते. प्रमाण म्हणजे चाकें, खिडक्या, नाक आणि पाठ यांचें परस्परांशीं माप. चाकें मोठीं व कांचा अरुंद असल्या, म्हणजे गाडी दबा धरून बसलेल्या जनावरासारखी भासते. उलट केल्यास तीच गाडी दप्तर घेऊन निघालेल्या कारकुनासारखी दिसते. भाव म्हणजे उभी असतांनाहि चालण्याचा भास. इंग्लंडच्या जॅग्वार ई-टाइपचा भाव असाच आहे. १९६१ सालीं जगापुढें आलेली ती गाडी माल्कम सेयर यांनीं रेखाटली. ते पूर्वीं विमानांच्या कारखान्यांत काम करीत आणि वाऱ्याचा प्रवाह गणितानें काढीत. तेथें सौंदर्य हें हिशेबाच्या पोटीं जन्मास आलें.

लावण्ययोजन हें सर्वांत कठीण. तें दागिन्यानें येत नाहीं. अंगावरील रेषा एकमेकींत विरून जातात त्यांत तें असतें. आमच्या भागांत जुनी गाडी घेऊन तिच्या पाठीवर बाजारांतील प्लास्टिकचें पंख, म्हणजे स्पॉयलर, चिकटविण्याची चाल आहे. वाऱ्याचा दाब साधण्यासाठीं मुळांतच बसविलेला स्पॉयलर हा अवयव आहे. बाहेरून चिकटविलेला तो नकली अलंकार आहे. अशा अलंकारानें रूपहि जातें आणि किंमतहि जाते. कारण जाणता गिऱ्हाईक कंपनीनें दिलेल्या मूळ अवस्थेस अधिक पैसे मोजतो.

सादृश्य म्हणजे कुळाचें साम्य. याचें उदाहरण आमच्या पिढीस परिचित आहे. मद्रासेस १९६१ पासून दहा वर्षें निघालेली स्टँडर्ड हेराल्ड ही गाडी आपल्याकडे अनेक डॉक्टर-वकिलांच्या दारीं असे. तिचें मूळ इंग्लंडांतील ट्रायम्फ हेराल्ड, आणि रेखाटणारे इटलीचे जोव्हान्नी मिकेलोत्ती. त्याच मिकेलोत्तींनीं त्याच हेराल्डचा सांगाडा आंखूड करून त्यावर १९६२ सालीं स्पिटफायर ही दोन आसनांची स्पोर्ट्स कार उभी केली. डॉक्टरांची ती सौम्य हेराल्ड आणि इंग्लंडच्या रस्त्यांवरील ती अवखळ स्पिटफायर या सख्ख्या बहिणी होत्या, हें ऐकून मुलांस मोठी गंमत वाटली.

वर्णिकाभंग म्हणजे रंगाची योजना. पिवळा, लाल किंवा गर्द निळा रंग प्रथम डोळ्यांत भरतो. पण विकावयाच्या वेळीं गिऱ्हाइकें पांढऱ्या-करड्यास अधिक मिळतात. तेव्हां रंग निवडतांना मनाची प्रीति आणि बाजाराची रीति या दोहोंपैकीं एकीस दुखवावें लागतें, हें आधींच जाणून असावें.

देशी प्रयत्न आणि त्यांतील धडा

आपल्या देशांत स्पोर्ट्स कार घडविण्याचे प्रयत्नच झाले नाहींत असें नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन कंपनीनें 'स्टॉर्म' नांवाची दोन आसनांची उघडी गाडी काढली. शरीर फायबर-काचेचें, इंजिन रेनॉचें लहानसें. पुढें मुंबईचे रचनाकार दिलीप छाब्रिया यांनीं 'अवंति' ही गाडी २०१२ सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत मांडली; मागच्या बाजूस रेनॉचें दोन लिटरचें टर्बो इंजिन, आणि रूप असें कीं पाहणारे थबकले. या दोन्ही गाड्या थोड्या निघाल्या. दुर्मिळता आहे, रूपहि आहे. मग जुन्या बाजारांत यांस फेरारीसारखें मोल कां नसावें? कारण मोलास आणखी एक पाय लागतो, तो म्हणजे सांभाळ. जिचा सुटा भाग मिळत नाहीं आणि जिचा जाणता कारागीर चार जिल्ह्यांत नाहीं, ती गाडी कितीहि सुंदर असली तरी अंगणांतील मूर्ति होऊन बसते.

अवंतीच्या बाबतींत आणखी एक गोष्ट घडली. २०२० च्या डिसेंबरांत मुंबई पोलिसांनीं छाब्रिया यांस अटक केली. एकाच गाडीवर अनेक कर्जें काढल्याचा आणि नोंदणींत घोटाळा केल्याचा आरोप होता. आरोपाचा निवाडा करणें हें न्यायालयाचें काम. आम्ही त्यांत पडत नाहीं. पण अशा आरोपाचा विषय जुनी गाडी घेणाऱ्यास पुरेसा बोध देतो. ती किती सुंदर आहे हें नंतर पाहावें. आधीं तिच्या सांगाड्याचा आणि इंजिनाचा क्रमांक नोंदणी-पुस्तकाशीं ताडून पाहावा.

संसाराचा हिशेब

हा तिसरा हिशेब या मासिकाच्या वाचकांस सर्वांत जवळचा. जुन्या वेगवान गाडीची मागितलेली किंमत ही घराच्या उंबऱ्यासारखी असते. खरें घर पुढेंच असतें. नवी असतां २५ लाखांची असलेली गाडी १० लाखांस मिळाली, तरी तिचे टायर, ब्रेक, दुहेरी क्लचची स्वयंचलित गिअर-पेटी, हीं सर्व २५ लाखांच्याच गाडीचीं राहतात. गाडीचें मोल उतरतें. तिच्या औषधपाण्याचें उतरत नाहीं. त्यांत स्पोर्ट्स कार जमिनीलगत असते. आमच्याकडील घाट, पावसाळ्यांतील खड्डे आणि गांवोगांवचे गतिरोधक यांस तिचें पोट आणि तिचे पातळ टायर नकोसे वाटतात, आणि त्याचें बिल मालकास येतें.

सरकारी हिशेबहि पाहावा. पंधरा वर्षें झालेल्या गाडीची नोंदणी पुन्हां करावी लागते. २०२२ च्या एप्रिलपासून मोटारीस त्यासाठीं ५,००० रुपये फी झाली. २०२५ च्या ऑगस्टांत वीस वर्षांपुढील मोटारीस ती १०,००० झाली, आणि परदेशांतून आणलेल्या चारचाकीस ८०,०००. पन्नास वर्षांपुढील, मूळ रूपांत राखलेल्या गाडीस २०२१ च्या नियमांनीं वेगळी 'व्हिंटेज' नोंदणी मिळते. पण ती गाडी रोजच्या वापरास काढतां येत नाहीं. २०२५ च्या सप्टेंबरांत नव्या मोटारींवरील जीएसटी उतरला. मोठ्या गाड्यांवर ४० आणि लहानांवर १८ टक्के झाला. नवीचा कर उतरला, म्हणजे जुनीचीहि किंमत ओढली जाते, हें घासाघीस करतांना विसरूं नये.

मग तपासावें काय? विकणाऱ्याच्या जाहिरातींतील 'सिंगल ओनर', 'शोरूम कंडिशन' हे शब्द वधूवरांच्या जाहिरातींतील 'सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष' या शब्दांसारखे समजावे. ते खोटे असतात असें नाहीं, पण त्यांवर लग्न ठरवूं नये. नोंदणी-पुस्तकांत बँकेचा बोजा आहे काय, असल्यास तो फिटल्याचा दाखला आहे काय, दंडाच्या पावत्या थकल्या आहेत काय, विम्याचे दावे किती झाले, आणि दुरुस्तीच्या नोंदींतील किलोमीटर चढत्या क्रमानेंच आहेत काय, हें पाहावें. दाराच्या कडांचा रंग बाकीच्या रंगाशीं जुळतो कीं नाहीं, तें दिवसाच्या उजेडांत पाहावें. सकाळीं थंड इंजिन आपल्या समोर सुरू करावयास सांगावें. आणि इंजिनाचा जोर बाजारांत वाढवून घेतला आहे काय, हें जाणत्यास विचारावें. कारण तसें केलेल्या गाडीनें पूर्वींच्या मालकास जितका आनंद दिला, तितकें दुःख ती पुढच्यासाठीं राखून ठेवते.

याच हिशेबाचें एक उदाहरण आमच्या परिचयाच्या घरांत घडलें. वडील निवृत्त, मुलगा वाळूजच्या कारखान्यांत नोकरीस, आई संधिवातानें थकलेली. मुलाचें मन एका जुन्या आरएसवर गेलें. पैसे त्याच्या स्वतःच्या मिळकतींतले होते. पण तेच पैसे गांवच्या घराचें गळकें छत बदलण्यासाठीं योजलेले होते. वडील बोलेनात, मुलगा जेवेना. शेवटीं दोघे आमच्याकडे आले. वडील म्हणाले, 'मास्तर, तुम्हीच याला समजावा.' मुलगा म्हणाला, 'गुरुजी, तुम्हीच बाबांना समजावा.'

आम्हीं कोणासच समजाविलें नाहीं. मुलास एवढेंच सांगितलें कीं, 'गाडी घेतली आहेस असें एक वर्षभर समज. तिचा हप्ता, विमा, टायर, दुरुस्ती, पेट्रोल यांची रक्कम दरमहा वेगळी काढून ठेव. वर्षाच्या शेवटीं ती रक्कम पुरती जमली, आणि इच्छाहि तशीच उरली, तर ती इच्छा खरी. मग वडिलांनीं आड येऊं नये.' वडिलांनीं मान हलविली. पुढें पावसाळ्यापूर्वीं छत झालें. रक्कमहि दरमहा सांठत गेली. ज्या गाडीवर मन होतें, ती मात्र सातव्या महिन्यांत दुसऱ्यानें नेली. मुलगा दोन दिवस खिन्न होता. तिसऱ्या दिवशीं वडिलांनींच त्यास विचारलें, 'दुसरी कोठें आहे का रे तसली?' आतां दोघे मिळून शोधतात. वडिलांस टर्बो म्हणजे काय तें कळूं लागलें आहे, आणि मुलगा नोंदणी-पुस्तक आधीं व बोनेट नंतर उघडावयास शिकला आहे. आईची अट एकच: मागचें दार रुंद असावें, आणि बसतां-उठतां गुडघा दुमडूं नये. ती अट आम्हांस यशोधराच्या सहा अंगांइतकीच शास्त्रशुद्ध वाटते.

एकूण तात्पर्य इतकेंच. जुन्या स्पोर्ट्स कारची हौस ही चैन आहे, यांत संशय नाहीं. पण प्रत्येक चैन ही उधळपट्टी नव्हे. वीणा, पैठणी, पुस्तकांचा संग्रह, यांसहि केवळ उपयोगाच्या तराजूंत तोललें तर तीं हलकींच भरतील. रूपाचा आनंद हा रूपाच्या खात्यांत मांडावा, आणि त्यासाठीं मोजलेला पैसा परत येणार नाहीं असें धरून चालावें. किंमत बाजाराच्या खात्यांत मांडावी, आणि ती उतरेल असेंच धरावें. सांभाळण्याचा खर्च घराच्या खात्यांत, दरमहा, लेखणीनें मांडावा. तिन्हीं खातीं जुळलीं, तर वडील माणसांनीं निःशंक मनानें मागच्या आसनावर बसावें. जुळलीं नाहींत, तर दुसऱ्याच्या दारांतील सुंदर गाडी पाहून आनंद मानण्यास कोणाचीच मनाई नाहीं. त्या आनंदास नोंदणी लागत नाहीं आणि विमाहि लागत नाहीं. आणि घरांतील मुलगा अशा गाडीविषयीं बोलूं लागला, तर त्यास थांबवूं नये. कोणत्या गाडीविषयीं बोलतो आहेस, असें विचारावें, आणि तो सांगेल तें शेवटपर्यंत ऐकून घ्यावें.